तोंडं तेहतीस, कान एक

— नाही, इकडून बोला मॅडम, उजव्या बाजूनं. डावीकडं तो एसी आहे ना, त्याची घरघर मधे येते. आणि जरा मोकळं बोला. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात, तुमच्या वयाची पोरं तर फारच — दात दिसायला नकोत अशी शपथ घेतल्यासारखी. हां. वय लिहा सहासष्ट. नाव वर लिहिलं असेल माझ्या मुलानं, तो राकेश, बाहेर बसलाय मोबाईल घेऊन, त्यानंच धरून आणलं मला — सावळीराम गांगुर्डे. महापालिकेच्या शाळेतून रिटायर, पण लोक अजून सरच म्हणतात. तक्रार? तक्रार काही नाही. तेच तर मघापासून सांगतोय. तक्रार मला नाहीये, आमच्या विहाराच्या कमिटीला आहे. फॉर्मवर ती रिकामी जागा आहे ना, तिथं 'काही नाही' असं लिहून टाका. मला तुमच्याकडून फक्त एक कागद पाहिजे, सहीशिक्क्याचा — दोन्ही कान तपासले, ठणठणीत आहेत. रविवारी मीटिंग आहे, तिथं टेबलावर ठेवायचा आणि निघून यायचं. बास. किती वेळ लागतो याला? — आधी प्रश्न? विचारा की. शाळेत पस्तीस वर्षं मीच प्रश्न विचारले, आता तुम्ही विचारा.

रिटायर झाल्यावर काय करतो? वृंद चालवतो. बालवृंद. — नाही, भजनी मंडळ नाही. ऑर्केस्ट्रा तर नाहीच नाही. तुम्ही गावाकडं कुठल्या? नामपूर? मग तुमच्या शाळेत प्रार्थना म्हणत असतील ना सगळी पोरं मिळून, बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर चाललेत आणि आत प्रार्थना — ते नव्हे. ती पोरं एका वेळी ओरडतात. वृंद म्हणजे तेहतीस पोरं एका गळ्यानं गातात. फरक आहे. ओरडायला श्वास लागतो, गायला कान लागतो. आमचा वृंद जेल रोडच्या कॉलनीतला, विहाराच्या मागच्या हॉलमधे, रोज संध्याकाळी सहा ते साडेसात. अठ्ठावन्न वर्षं झाली, एक लॉकडाऊन सोडला तर खंड नाही. झिपरू मास्तरांनी सुरू केला. देवळालीच्या कॅम्पात तोफखान्याच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवायचे ते. पेन्शन घेऊन कॉलनीत आले आणि बघतात तर पोरं दिवसभर गटारात चेंडू शोधतायत. धरून आणली, रांगेत उभी केली बँडसारखी. आधी त्रिशरण-पंचशील एका सुरात म्हणायला शिकवलं, मग जयंतीची गाणी, मग स्वतः चाली लावायला लागले. आणि एक नियम घातला. तो आमच्या हॉलच्या भिंतीवर लिहिलाय, अजून आहे, रंग देताना दरवेळी मी स्वतः गिरवतो — वृंदाला तोंडं कितीही, कान एक. म्हणजे काय, तर गाताना प्रत्येकानं आपापला सूर तपासत बसायचं नाही. तपासणार मास्तर. पोरांनी मास्तरांच्या हाताकडं बघायचं. पंजा वर गेला, म्हणजे सूर उतरलाय, चढवा. पंजा खाली, म्हणजे चढलाय, उतरवा. सपाट धरला की जिथं आहात तिथं राहा. तेहतीस पोरांनी तेहतीस कानांनी ऐकलं तर तेहतीस गाणी होतात, मॅडम. साधी गोष्ट आहे. सगळीकडं असंच चालतं, फक्त बाकीचे लोक भिंतीवर लिहीत नाहीत.

पेटी? पेटी सरावाला. स्टेजवर नाही. स्टेजवर आमच्याकडं खुंटी असते. हसू नका — पोरालाच खुंटी म्हणतात. पहिल्या रांगेत मधोमध एक पोरगं उभं करायचं, पक्क्या सुराचं. गाणं सुरू व्हायच्या आधी ते ओठ मिटून सा धरतं आणि बाकीची त्याला येऊन लटकतात. दोन-तीन वर्षांनी खुंटी बदलते, पोरांचे आवाज फुटतात, पोरी दहावीला जातात. खुंटी निवडायचा मान मास्तरांचा. मला निवडलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आईनं गल्लीत गूळ वाटला होता. आणि गेली दोन वर्षं — गेली दोन वर्षं संजना होती. पाचवीत आहे. एवढीशी, माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत येते. तिची आई पिंकी, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमधे कामाला, सकाळी सहाला कंपनीची गाडी. संध्याकाळी पोरीला वृंदात सोडायची आणि तिथंच पायरीवर बसून डुलक्या घ्यायची. त्या पोरीला पेटी लागायचीच नाही. शाळेतून पळत यायची, दप्तर टाकायची, मी म्हणायचो सा — आणि लावायची काळी चार, आमची ठरलेली पट्टी, थेट. धापा टाकत असली तरी. मी मुद्दाम पेटी उघडून बघायचो. बरोबर. रोज बरोबर.

कधीपासून? काय कधीपासून? — अच्छा, त्रास. त्रास पोरांना आहे हो, मला नाही. दिवाळीनंतर सुरू झाला. पोरं उतरायला लागली. खालचं सगळं नीट, वर गेली की मऊ, दबलेली, पाव-अर्धा सूर खाली. पहिल्यांदा म्हटलं थंडी आहे, गळे धरले असतील. कोमट पाणी सुरू केलं. आल्याचा तुकडा सुरू केला. मग म्हटलं पंख्याचा आवाज — डिसेंबरात पंखा कोण लावतो, पण म्हटलं आपलं. मग पेटी. पेटीच्या वरच्या पट्ट्याही मला उतरलेल्या वाटायला लागल्या. भद्रकालीत मंगळूभाऊ पेटीवाला आहे, त्याच्याकडं नेली. तो म्हणाला, सुरात आहे सर. म्हटलं परत बघ. त्यानं परत बघितली, म्हणाला, स्वर जागेवर आहेत. आठ दिवसांनी मी पुन्हा नेली. तेव्हा त्यानं माझ्याकडं असं बघितलं — आत्ता तुम्ही बघताय तसं — आणि म्हणाला, ठेवून जा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, केली. घरी येऊन उघडली तर आतली धूळ जशीच्या तशी. हात लावला नव्हता पठ्ठ्यानं. आता बोला. कुणावर विश्वास ठेवायचा माणसानं?

आणि खरं सांगू का, कान पोरांचे गेलेत. तुम्हाला जास्त माहीत. दिवसभर कानात ती बोंडं खुपसलेली, लग्नाला डीजे, हळदीला डीजे, वाढदिवसाला डीजे, भिंती थरथरतात. त्या आवाजात नाचून आलेलं पोरगं तार सप्तकात काय सूर लावणार? खरं तर तुम्ही त्यांना तपासायला पाहिजे, सगळ्यांना, रांगेनं. माझा एक कान तपासून तुम्हाला काय मिळणार आहे? कमिटीला सांगितलं मी हे. ऐकतंय कोण.

हां, कमिटी. ते का म्हणतात कागद आणा, ते सांगतो. सव्वीस जानेवारीला समूहगानाची स्पर्धा असते, देशभक्तीपर, सगळ्या शहरातल्या शाळा, मंडळं. आम्ही दरवर्षी असतो. यंदा संविधानाच्या उद्देशिकेवरचं गाणं बसवलं होतं, झिपरू मास्तरांची चाल. दुसऱ्या कडव्यात वरच्या सा वर एक थांबा आहे, चार मात्रा. सगळं गाणं त्या थांब्यासाठी आहे, मॅडम. तिथं तेहतीस पोरं एका श्वासात थांबली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आलाच पाहिजे. आणि सरावात नेमकी तिथंच पोरं उतरायची. मी पंजा वर. अजून वर. मग मला नीट वाटलं की पंजा सपाट. बत्तीस आली वर. संजना येईना. ती तिथंच. गाणं थांबवलं, म्हटलं, संजना, हात बघ. म्हणाली, बघतेय सर. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा म्हणाली — आवाज चढवून नाही हां, हळूच — सर, पेटी लावून बघा ना. लावली पेटी. आणि पेटी तर सांगितलं ना, बिघडलेलीच होती. पेटी बरोब्बर तिच्याशी जुळली. मी म्हटलं, पेटी बिघडलीये आणि तूपण. तेव्हा ती म्हणाली — काय म्हणाली ते जाऊ द्या. फॉर्मवर लिहावं लागतं का ते? नाही ना. मग जाऊ द्या.

— म्हणाली, सर, तुम्हाला वरचं नीट ऐकू येत नाही का. असं. सगळ्या पोरांसमोर. सोनारानंच कान टोचावे म्हणतात. ही पाचवीतली पोर, हिला सोनार कोणी केलं? आणि उद्धटपणानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. काळजीनं विचारत होती. माझी आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आई वैद्याला विचारायची तसं. ते मला जास्त झोंबलं.

मारलं नाही मी. तसं बघू नका. पस्तीस वर्षांत एका पोरावर हात उचललेला नाही, शाळेत विचारा. मी फक्त म्हटलं, बाहेर बस. बाहेर तिची आई होती पायरीवर. मग तिलाही म्हटलं — रागात होतो, राग येणार नाही का माणसाला, तुम्हीच सांगा — म्हटलं, पिंकी, पोरीला कान नाही. उगाच वेळ घालवू नकोस, दुसरं काहीतरी शिकव. शिवणकाम शिकव. ती उठून उभी राहिली, डोक्याला पॅकहाऊसची ती जाळीची टोपी तशीच. आमच्या कॉलनीत सर म्हणाले म्हणजे बरोबरच असतं. पोरीचं दप्तर उचललं, गेली. परवा भाजीला भेटली मला. म्हणाली, सर, ती आता घरातपण गात नाही. आधी भांडी घासताना गायची, अंघोळीला गायची, शेजारचे ओरडायचे. आता नाही. म्हणून आपलं सांगितलं, म्हणाली, आणि मेथीची जुडी घेऊन निघून गेली. मी तिथं उभाच. भाजीवाला विचारतोय काय देऊ. दुसऱ्यांदा विचारलं म्हणे त्यानं, तिसऱ्यांदा विचारलं, मला काही — गर्दी होती हो, गर्दीत काय ऐकू येतं.

स्पर्धेत? स्पर्धेत काय व्हायचं ते झालं. खुंटी नव्हती, म्हणून सा मी दिला, विंगेतून, पेटीवर बघून. सुरुवात झकास. मी विंगेत उभा, हात पोरांना दिसेल असा. थांबा आला, पोरं उतरली, पंजा वर. आली वर. पुढच्या ओळीला परत उतरली, परत पंजा. शेवटपर्यंत ओढत नेलं मी त्यांना, खांदा दुखला माझा. आणि परीक्षकांचा कागद आला तर काय लिहिलंय — काळी चारवर सुरू केलेलं गाणं संपेपर्यंत पांढरी सहाच्या घरात गेलं, सामूहिक सूर सतत चढत गेला. चढत गेला. मी आयुष्यभर पोरांना उतरू नका म्हणून ओरडलो आणि हे लिहितात चढला. मी गेलो त्यांच्या टेबलापाशी आणि म्हटलं, तुम्ही बहिरे आहात का? मोठ्यानं म्हटलं. माईक चालू होता त्यांचा. सगळं सभागृह हसलं. राकेश होता तिथं, त्यानं दंडाला धरून बाहेर आणलं मला, लहान पोराला आणतात तसं.

परत येताना टेम्पोत सगळी चिडीचूप. नेहमी गातात, भांडतात, वडापाव मागतात. मग तो सनी, मागच्या रांगेतला, उंच, मिसरूड फुटलंय आता — तो सरकत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही सगळे तुमच्या हाताबरोबरच होतो. एकपण सुटला नाही. मला इतकं बरं वाटलं मॅडम. शाबास म्हटलं मी. पाठ थोपटली त्याची. याला म्हणतात वृंद. सूर चुकला असेल, समजा चुकला, पण सुटलं कोणी नाही. हे त्या परीक्षकांच्या कागदावर कुठं लिहितात?

तर त्यावरून कमिटी. अध्यक्ष हिरामण — माझाच विद्यार्थी, दुसऱ्या रांगेत उभा राहायचा, गळा बेताचा — तो म्हणतो, सर, एकदा कान दाखवून या, कागद आणा, वृंद तुमचाच आहे. नाहीतर सध्यापुरता दीपककडं देऊ. सध्यापुरता. दीपक कोण, तर कीबोर्डचा क्लास चालवतो नाशिकरोडला. त्याच्या कीबोर्डला एक बटण आहे. पोरं घसरली की हा बटण दाबतो आणि कीबोर्डच पोरांच्या मागं पळतो, पट्टी बदलून. लोक नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, हा तर अंगणच फिरवून देतो नाचणाऱ्याला. त्याच्या हातात अठ्ठावन्न वर्षांचा वृंद द्यायचा? मी मेल्यावर द्या. आधी नाही. म्हणून आलोय. तुमचा कागद नसता लागला तर मी कशाला या दारात पाय ठेवतो.

पुढं विचारा. तोफा, कारखाना, मोठ्या आवाजाशेजारी काम? मी नाही. मी खडूनं काम केलं. घराण्यात कुणाला ऐकायला कमी? नाही. आई शेवटपर्यंत चांगली होती, गल्लीतल्या टोकाचं भांडण तिला घरात ऐकू यायचं. घराण्यात — मास्तर घराण्यात धरता का तुम्ही? धरत नाही. झिपरू मास्तरांचे गेले होते. तोफखाना ना. शेवटची दोन वर्षं तर पार. आम्हाला माहीत होतं, सगळ्या वृंदाला. मी खुंटी, मला सगळ्यात आधी कळलं. सूर जागेवर असायचा आणि त्यांचा पंजा वर जायचा. पहिल्या दिवशी मी गेलो नाही वर. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, त्यांनी तुला उभं केलं आणि तू त्यांना पाडणार का? दुसऱ्या दिवसापासून गेलो. मी गेलो की सगळी यायची. आम्ही पोरांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं — पंजा हलला की एकदा एकमेकांकडं बघायचं, नुसत्या डोळ्यानं, आणि मास्तर नेतील तिकडं जायचं. त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. जयंतीला लोक टाळ्या वाजवायचे, मास्तर खूश. गेले ते सुखात गेले, माझा वृंद सुरात आहे म्हणत. हे सांगत होतो मी संजनाबद्दल. ही शिस्त, ही माया, ही तिच्यात नाही. आमच्या वेळची पोरं बघा, नुसती एकमेकांकडं बघायची आणि —

नाही. काही नाही. पाणी नको.

— हीपण बघतात. आत्ताची. मी पंजा वर केला की आधी एकमेकांकडं बघतात. सनी बघतो डावीकडं, मग ती मागची रांग, मग पुढची. मी ओरडायचो त्यांच्यावर, समोर बघा, हाताकडं बघा, खुणा कसल्या करताय. दिवाळीपासून ओरडतोय.

दिवाळीपासून.

टेम्पोत मलाच धीर देत होता तो. आणि मी शाबास म्हटलं.

तुम्ही लिहू नका हे, हे फॉर्मातलं नाही. पण एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगितलेली नाही, राकेशला नाही, त्याच्या आईला नाही. मास्तरांच्या त्या दोन वर्षांनी माझा काळी चारचा सा गेला. गेला तो गेलाच. इतके दिवस खोट्या हातामागं चढलो की माझा सा कुठं आहे तेच मला कळेना. मास्तरांमागं काही वर्षं मोठ्या पोरांनी वृंद ओढला, पुढं त्रेचाळीस वर्षं मी चालवला, पेटीवर शोधून. पोरांना वाटतं सर खात्री करायला पेटी उघडतात. खात्री कसली. संजना पळत येऊन सा लावायची ना, तो बरोबर आहे हे मला माझ्या कानानं कुठं कळायचं? मी पेटीला विचारायचो. आणि ज्या दिवशी पेटी तिच्या बाजूनं बोलली त्या दिवशी मी पेटीलाच खोटं पाडलं. आईनं सांगितलं म्हणून मी वर गेलो, मॅडम. त्या पोरीला कुणी काहीही सांगितलं तरी ती गेली नाही. तिच्या जागी मी असतो ना बाराव्या वर्षी — जाऊ द्या. चला, करा तुमचं मशीन सुरू. कुठं बसायचं? या कपाटात?

बाप रे, दार लावलं की किती शांत होतं हो. विहारात पण इतकं नसतं. हे कानावर? हां. घट्ट आहे. आणि हे बटण. वाजलं की दाबायचं, कितीही बारीक वाजलं तरी. कळलं. तुम्ही काचेपलीकडं बसणार. माझं बोलणं येतं ना तिकडं? बरं, गप्प बसतो.

— डावा झाला ना? मग आता उजवा. हे वाजलं. दाबलं. हे. हे पण, जाडजूड, भोंग्यासारखं. हे. बोलू नको? बरं.

हां. हे. हे जरा बारीक होतं, पण आलं.

— आता वरचे लावा की. खालचे झाले. मला काम वरच्यांशी आहे.

लावा, मी थांबलोय.

बोट बटणावरच आहे माझं.

मॅडम, मशीन बंद पडलं का? नाही, तुमचा हात तर हलतोय. ते चाक फिरवताय, माझ्याकडं बघताय, परत फिरवताय. काहीतरी लिहिलंत. काय लिहिलंत? अजून वाजलंच नाही काही आणि लिहिताय काय?

तुम्ही लावताय. — केव्हापासून लावताय?

बास. काढा हे. पुन्हा नको, एकदा केलं ते पुरे. डाव्याचं झालं ना आधीच, डावा तर मला माहीत होता, एसीला नावं ठेवत होतो आपली मघापासून. उजव्यावर भिस्त होती. द्या इकडे तो कागद. ही रेघ माझी? इथपर्यंत सपाट आणि इथून एकदम घसरगुंडी. बरं आहे, बालवाडीतल्या पोरालाही कळेल असं काढलंय. मला पाचवीतल्या पोरीला दाखवायचंय.

कमिटीला? रविवारी दाखवीन. तो माझा आणि हिरामणचा प्रश्न आहे. कानाला लावायच्या मशीनचं राकेशशी बोला, तो बाहेर आहे, त्याला त्यातलं कळतं. मला आधी पेन द्या. या कागदाच्या मागं लिहिलं तर चालतं ना? तुम्हीच लिहाल का — मुलीचा सूर बरोबर होता, गांगुर्डे सरांचा हात चुकला? सहीशिक्क्यानं? — हो, तेही खरं. तुम्ही कुठं ऐकलंय तिला. मग मीच लिहितो. तिच्या आईचंही नाव घालतो, तिला वाचून दाखवेल पोर.

नाही, घरी नाही. राकेशसमोर नाही, गाडीवर नाही. घरी पोचलो की परत माझंच बरोबर होईल, मला माहितीये ना मी. इथंच लिहितो, या खुर्चीत. तुमचं झालंय माझ्याशी. जा, पुढच्याला बोलवा.